मुलगी प्रिंटमेकिंग घ्यायचं म्हणतेय, हे सोमनाथ होर कोण ते कुणी नीट सांगेल का?

शहापूर_प्रेस

नमस्कार मंडळी. आमची मुलगी बीव्हीएला, म्हणजे चित्रकलेच्या पदवीला आहे, दुसरं वर्ष संपत आलं, पुढच्या वर्षी स्पेशलायझेशन निवडायचंय आणि ही पेंटिंग सोडून प्रिंटमेकिंग, म्हणजे हातानं ठसे काढून चित्रं छापायची कला, घेते म्हणून हटून बसलीय. घरात प्रत्येकाचं वेगळं. आईला वाटतंय ॲनिमेशन घ्यावं, आजी म्हणते शाळेत ड्रॉइंग टीचर हो आणि लग्न कर. मी स्वतः प्रेसवाला. वडिलांची ट्रेडल, म्हणजे खिळ्यांची जुनी छपाई मशीन होती, खिळे जुळवून लग्नपत्रिका, हँडबिलं, यात्रेच्या पावत्या छापायचे, मराठी आणि कन्नड दोन्ही खिळे घरात, नंतर मी ऑफसेट घेतलो. त्यामुळं खरं सांगायचं तर मला आधी बरंच वाटलं की पोरगी आपल्याच लाईनीत येतेय. तर म्हणते, पप्पा तुमचं छापणं वेगळं आणि आमचं वेगळं. काय वेगळं ते धड सांगत नाही, तुम्ही सोमनाथ होर बघा म्हणते आणि मोबाईल हातात देते.

बघितलो. काळ्या-पांढऱ्या लाकडी ठशाची चित्रं समजली, शेतकरी, मिटिंगा, कंदील वगैरे, छान आहेत. पण पुढं एका चित्रात पांढऱ्या कागदावर पांढरंच, शाईचा थेंब नाही, मधे कुणीतरी ब्लेड मारल्यासारखं चिरलेलं. प्रेसमध्ये असला कागद निघाला तर आम्ही वेस्टेजमध्ये टाकतो की हो.

आता तिला कॉलेजात सेमिनार आहे आणि त्याला याच माणसाचं आयुष्य घेतलंय तिनं. तिला माहिती पाहिजे, मला खात्री पाहिजे. हे कोण होते, काय शिकवायचे, आणि मुख्य म्हणजे पोट कशावर भरायचे? इंग्लिशमधलं आर्टवाल्यांचं लिखाण वाचायला घेतलो, दुसऱ्या पॅराग्राफला झोप. मराठीत सांगा की कुणीतरी, आपल्यातल्या माणसाला समजेल असं.

चित्रमास्तर

शहापूरकर, प्रेसच्या घरातली पोरगी प्रिंटमेकिंगला चाललीय तर तिला अडवू नका, हे पहिलं सांगतो, बाकीचं नंतर. मी चिकोडी भागात हायस्कुलात ड्रॉइंग शिकवून रिटायर झालो. होरांना भेटलेलो नाही पण त्यांच्याबद्दल बरंच वाचलंय, मूळ प्रिंटही बघायला मिळालेत.

जन्म १९२१ चा, चितगाव भागातला, म्हणजे आजच्या बांगलादेशात. वडील लवकर गेले. कॉलेजच्या वयात असताना कम्युनिस्ट चळवळीत ओढले गेले, पोस्टरं रंगवायला लागले. १९४२ ला तिकडं जपान्यांचे बॉम्ब पडले, मेलेली माणसं या पोरानं डोळ्यांनी बघितली आणि काढून ठेवली. लगेच पुढच्या वर्षी बंगालचा दुष्काळ. दुष्काळ म्हणतो आपण, पण भात पिकलंच नाही अशातला भाग नव्हता, युद्धापायी सरकारची धोरणं, साठेबाजी, भडकलेले भाव, त्यातून ३० लाखांच्या आसपास माणसं गेली असा अंदाज सांगतात. त्या वेळी चित्तप्रसाद नावाचे चित्रकार, वयानं थोडे मोठे, पक्षाचं काम करत गावोगाव फिरून उपाशी माणसांची रेखाटनं करत होते, ते सोमनाथना सोबत घेऊन फिरले. बघ आणि तिथंच काढ, घरी जाऊन आठवून नको. हीच यांची पहिली शाळा. सोमनाथांची चित्रं मग पक्षाच्या 'जनयुद्ध' पेपरात यायला लागली. हे चित्तप्रसाद पुढं मुंबईत अंधेरीला राहिले, त्यांच्या दुष्काळाच्या पुस्तिकेच्या प्रती इंग्रज सरकारनं जाळल्या, तो वेगळाच विषय आहे.

नंतर पक्षाच्याच मदतीनं कलकत्त्याच्या सरकारी आर्ट स्कुलात. तिथं झैनुल अबेदिन शिकवायला, ज्यांनी दुष्काळाची ती प्रसिद्ध काळी रेखाटनं केली, आणि छापण्याच्या कलेत सफीउद्दीन अहमद, हरेन दास अशी तालेवार माणसं. फाळणीनंतर अबेदिन आणि सफीउद्दीन दोघं ढाक्याला गेले. १९४६ च्या डिसेंबरात सोमनाथना पक्षानं उत्तर बंगालात रंगपूरला धाडलं, तिथं तेभागा आंदोलन पेटलं होतं. तिथली स्केचेस आणि रोजची डायरी, दोन्ही आहेत. तुमच्या मुलीनं दाखवलेली ती कंदिलाची चित्रं तिथलीच, त्या स्केचेसवरनं नंतर त्यांनी वुडकट, म्हणजे लाकडी ठसे, केले. १९४८ ला पक्षावर बंदी आली, बरेच दिवस लपून काढावे लागले, शिक्षणाची फरफट झाली.

आता तुमचा पोटाचा प्रश्न. पोट मास्तरकीवर. १९५४ ला कलकत्त्याच्या इंडियन कॉलेज ऑफ आर्टमध्ये लेक्चरर, १९५८ ला दिल्लीला, तिथं पॉलिटेक्निकच्या आर्ट डिपार्टमेंटचा ग्राफिक विभाग, म्हणजे प्रिंटमेकिंगचाच, यांच्याकडं दिला, १९६७ पर्यंत तिथं. दिल्लीतच ते ॲसिड आणि तांब्या-जस्ताच्या प्लेटवर खरे रमले, ललित कला अकादमीचे राष्ट्रीय पुरस्कार त्याच वर्षांतले. मग पक्की नोकरी सोडून परत कलकत्त्याला आले, आणि १९६९ च्या सुमारास शांतिनिकेतनला, कला भवन या तिथल्या आर्ट कॉलेजच्या ग्राफिक विभागाचे प्रमुख म्हणून. त्यांना तिथं बोलावलं कुणी? दिनकर कौशिक यांनी. आणि कौशिक जन्मानं कुठले? धारवाडचे! आपल्याकडनं दोन तासाच्या वाटेवरचा माणूस कला भवनचा प्रिन्सिपल होता आणि त्यानं होरांना नेलं, हे आपल्या भागात शंभरात एकाला ठाऊक नसेल. हे सेमिनारात घालायला सांगा मुलीला.

तिथनंच रिटायर झाले, तिथंच राहिले, १ ऑक्टोबर २००६ ला तिथंच गेले. पद्मभूषण मिळालं ते गेल्यावर, २००७ ला. बायको रेबा होर, त्याही चित्रकार, मुलगी चंदना तीही चित्रकार.

त्या पांढऱ्यावर पांढऱ्याबद्दल खानापूरवाले सांगतील, त्यांचा हात मातीत असतो.

घाटवाट

मास्तर माहिती भारी आहे पण मला एक सांगा. दुष्काळ, बॉम्ब, जखमा. एवढं दुःख घरात भिंतीला कोण लावणार? आपल्या बेळगावात के. बी. कुलकर्णींसारखे मास्तर होऊन गेले, रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली तयार झाले, त्यांचं काम बघितलं की डोळे निवतात. पोरीनं तसलं शिकावं की. हे बंगाली कम्युनिस्ट पोस्टर शिकून काय करणार.

खानापूर_लालमाती

घाटवाट, के. बी. सरांबद्दल दुमत नाही, पण सगळ्यांनी तेच करायचं असा कायदा आहे काय गा.

शहापूरकर काका, तुम्ही वेस्टेज म्हणताय त्या मालिकेचं नाव 'जखमा'. १९७१ च्या आसपास सुरू केली. तिकडं पूर्व पाकिस्तानात युद्ध चाललेलं, निर्वासितांचे लोंढे येताहेत, इकडं कलकत्त्यात नक्षलवादी पोरं आणि पोलीस यांचं रक्त सांडणं, आणि ह्या माणसाच्या डोक्यात १९४३ पासनंचं सगळं साठलेलं. माणसाची आकृती काढायचीच सोडली. नुसती जखम.

कसं करायचे ते सांगतो, मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. माती किंवा मेणाचा सपाट थर घ्यायचा. त्यावर सुरीनं चिरायचं, भोकं पाडायची, तापलेली सळई टेकवायची. हात थरथरला तरी खोडायला रबर नाही. मग त्यावरनं सिमेंटचा साचा घ्यायचा. त्या साच्यात कागदाचा ओला लगदा हातानं दाबून दाबून बसवायचा, पाणी काढायचं, वाळू द्यायचा आणि सोडवून घ्यायचा. कागदी लगद्याचा गणपती साच्यातनं काढतात त्याच जातीचं काम आहे, फरक एवढाच की गणपतीला आपण वरनं रंग देतो आणि यांनी दिला नाही. म्हणजे इथं कागदावर छापलेलं काही नाहीच, कागदच जखमेच्या आकाराचा जन्मलाय. शाई नाही, प्रेस नाही, आणि तरी साच्यातनं निघतो म्हणून ते प्रिंटच. मातीत खोल गेलेली चीर साच्यात उंच येते आणि कागदावर परत खोल, तर उलटसुलटचा हा हिशोब तुम्हा प्रेसवाल्यांना सांगायला नको.

मोबाईलवर तुम्हाला काही दिसलं नाही त्याचं कारण सरळ आहे, फोटो समोरनं लाईट मारून काढलेला असला की सावली मरते. हे बाजूनं येणाऱ्या उजेडात बघायचं असतं, सकाळी खिडकीशेजारी धरल्यागत. तेव्हा कडा वर आलेल्या दिसतात, सुजलेली कातडी दिसते. काही तुकड्यांत किंचित लाल आहे पण मला बिनलालवालेच जास्त झोंबतात.

आणि शिल्पं विसरू नका. १९७४ पासनं ब्रॉन्झ करायला लागले. त्यातही पद्धत स्वतःची, मातीत मूर्ती घडवून साचा नाही, मेणाचे पत्रे करायचे, ते वाकवायचे, कापायचे, गरम सळईनं जोडायचे, मग ओतकाम. त्यामुळं ती माणसं, कुत्री, बकऱ्या सगळी पत्र्यासारखी पातळ आणि आत पोकळ दिसतात, बहुतेक टेबलावर मावतील एवढीच. एक मोठं केलं होतं, आई आणि मूल, व्हिएतनामच्या लोकांसाठी म्हणून. ते कला भवनातनंच चोरीला गेलं, आजतागायत पत्ता नाही. भंगारात वितळवलं की कुणाच्या बंगल्यात आहे कुणास ठाऊक. माझा तर त्या चोरावर अजून राग आहे.

मुलीला माती हाताळायची असेल तर खानापूरला पाठवा. आमच्याकडं कुंभारकामाची मोठी संस्था आहे, लाल मातीला तोटा नाही, साचे घेणारे कारागीर आहेत. थिअरी वाचत बसण्यापेक्षा एक दिवस लगदा दाबून बघू दे.

शहापूर_प्रेस

खानापूरकर, बाजूच्या उजेडाचं सांगितलात ते बरं केलात. आता तिनं कॉलेजातनं आणलेला एक असाच कोरा दाबलेला कागद होता तो मी खिडकीत नेऊन बघितलो. मान्य.

आता दोन धंद्याचे प्रश्न, हसू नका. एक, वडिलांच्या वेळी फोटो छापायला झिंकचा ब्लॉक करून आणायचे, ॲसिडनं खाल्लेला, लाकडावर ठोकलेला. ही ॲसिडची प्लेट म्हणजे तेच काय? आणि दोन, पोरगी म्हणते एका प्लेटवरनं वीस-पंचवीस प्रती काढायच्या आणि मग प्लेटवर फुली मारून ती रद्द करायची. हे मला झेपतच नाही. आमची प्लेट चांगली असली तर आम्ही हजारावर हजार काढतो, आणि हे धडधाकट प्लेटचा खून करतात?

मुक्काम_बडोदा

काका मी अनगोळचा, बडोद्याला प्रिंटमेकिंगलाच होतो, होर सरही बडोद्याला व्हिजिटिंग म्हणून येऊन शिकवून गेलेले आहेत, अर्थात माझ्या कितीतरी आधी.

तुमचा पहिला प्रश्न अजिबात हसण्यासारखा नाही. झिंक तेच, ॲसिडही तेच, नायट्रिक. फरक शाई कुठं बसते त्यात. तुमच्या ब्लॉकमध्ये ॲसिडनं नको असलेला भाग खाल्लेला असतो आणि उंच राहिलेल्या भागाला रोलरनं शाई लागते, खिळ्यासारखीच. आमच्या ॲसिडच्या प्लेटमध्ये, म्हणजे एचिंगमध्ये, उलटं. प्लेटला मेण-डांबराचा थर देतात, सुईनं त्यावर रेघ ओढतात, उघड्या पडलेल्या रेघेत ॲसिड खातं. मग थर काढून सगळ्या प्लेटला शाई चोपडायची आणि मलमलीनं पुसून घ्यायची, शाई उरते ती खड्ड्यातच. वर ओला कागद, त्यावर ब्लँकेट, आणि दोन रुळांमधनं जोरात दाबून काढायचं, कागद खड्ड्यात घुसून शाई उचलतो. म्हणून एचिंगच्या रेघेवरनं बोट फिरवलं तर ती कागदाच्या वर आलेली लागते, ऑफसेटला ते कधी लागणार नाही.

आता यातनंच दुसऱ्याचं उत्तर येतं. ही प्लेट दर वेळी पुसून आणि दाबून झिजते. शंभराव्या प्रतीत पहिलीचा दम राहत नाही, बारीक रेघा बसतात. शिवाय प्रत्येक प्रत हातानं शाई लावून, हातानं पुसून, एकेक काढायला अर्धा-पाऊण तास सहज जातो. म्हणून आकडा आधी ठरवायचा आणि खाली पेन्सिलीनं लिहायचा, ३/२० म्हणजे वीसातली तिसरी, उजवीकडं सही. घेणाऱ्याला शब्द दिलेला असतो की वीसच आहेत, तो पाळायला प्लेट रद्द. हे तुमच्या पावतीबुकावरच्या नंबरसारखंच समजा की, एक नंबर दोघांना देऊन चालतंय काय?

होर सरांचं वेगळेपण कुठं आहे, तर ॲसिड ही नुसती रेघ काढायची सोय त्यांनी ठेवली नाही. खोल खाऊ दिलं, प्लेट पार कुरतडू दिली. धातू जखमी होतोय हे त्यांना तिथं दिसलं आणि मग मातीतल्या जखमा आल्या, असं मी समजतो. म्हणजे 'जखमा' अचानक आकाशातनं पडलेल्या नाहीत, वुडकटमध्ये लाकूड खोदलं, दिल्लीत धातू खाऊ दिला, शांतिनिकेतनात माती चिरली. मुलीनं सेमिनार या रांगेनं लावला तर सन-तारखा पाठ करायला लागणार नाहीत.

हां आणि कुणी विचारायच्या आधी, कृष्णा रेड्डी यांच्याशी तुलना करायला तिला नक्की सांगा. १९२५ चा जन्म, आंध्रातल्या चित्तूर भागातले, शांतिनिकेतनात नंदलाल बोसांचे विद्यार्थी, पुढं पॅरिसला हेटर नावाच्या प्रिंटमेकरच्या 'अतेलिए १७' स्टुडिओत गेले आणि तिथं कमी-जास्त तेलाच्या शाया आणि मऊ-कडक रोलर वापरून एकाच प्लेटवरनं एकाच दाबात अनेक रंग काढायची पद्धत बसवली. तेलकट शाईवर कमी तेलाची शाई धरत नाही, एवढंच त्यातलं मर्म. प्रेसवाल्याला हे लगेच समजेल, तुमच्या ऑफसेटमध्ये पाणी आणि शाईचं जे भांडण चालतं त्याचाच चुलतभाऊ. शेवटी न्यूयॉर्कला शिकवत होते, २०१८ ला गेले. रेड्डींनी छपाईत रंग वाढवत नेले आणि होरांनी काढून टाकत नेले, अगदी शाईसुद्धा. दोघंही मास्तर, दोघांच्या हाताखालनं पिढ्या गेल्या. सेमिनारात या दोघांना शेजारी ठेवलं तरी मजा येईल.

पोटाचं खरं सांगतो. नुसते प्रिंट विकून घर चालवणारे मी फार थोडे बघितलो. शिकवणं, डिझाईन, पुस्तकांची चित्रं, म्युझियममधली कामं असं मिळून चालतं. पण पेंटिंगवाल्यांचं तरी काय वेगळं आहे? प्रिंटची एक सोय आहे, वीस प्रती असतात म्हणून एकेक स्वस्तात देता येते, नोकरदार माणूसही घेऊ शकतो. घरी मोठी मशीन नसेल तर ललित कला अकादमीचे स्टुडिओ आहेत, दिल्लीला गढी, शिवाय चेन्नई, कलकत्ता, भुवनेश्वर, लखनौ. भोपाळला भारत भवनातही आहे. पुढचं शिक्षण बडोदा किंवा शांतिनिकेतन, दोन्हीकडं प्रवेश परीक्षा आणि पोर्टफोलिओ बघतात, म्हणून आत्तापासनं प्रत्येक प्रिंटची एक साफ प्रत बाजूला ठेवायला सांगा. आणि नायट्रिकचा धूर फुप्फुसाला वाईट, कॉलेजात एक्झॉस्ट चालू आहे का हे तुम्ही स्वतः जाऊन बघा, तांब्याची प्लेट आणि फेरिक क्लोराईड परवडत असेल तर ते बरं.

वखारकन्या

मी निपाणीची. एवढं सगळं बोलणं झालं आणि तेभागा काय होतं ते कुणी सांगितलंच नाही, मास्तरांनी पण नुसतं नाव घेऊन सोडलं. आपल्याकडं रान अर्धलीनं लावतात ना, तसंच तिकडं, कसणारा अर्धा वाटा मालकाला द्यायचा, वर बी-बियाण्याचं, कर्जाचं, कशाकशाचं कापून घ्यायचे ते वेगळं. कुळांची मागणी होती तीन वाट्यातले दोन आम्हाला, एक मालकाला. आणि कापलेलं भात मालकाच्या खळ्यावर न्यायचं नाही, आपल्या खळ्यावर न्यायचं. हा खळ्याचा मुद्दा शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्याला लगेच कळतो, कारण माल एकदा दुसऱ्याच्या दारात गेला की माप त्याचं आणि हिशोबही त्याचा.

होर तिथं पंचवीस वर्षांचा पोरगा. डायरी वाचली की कळतं, हा माणूस नुसता झेंडे काढायला गेला नव्हता. कुणाच्या घरी जेवला, कोण काय बोललं, बायका काय म्हणत होत्या, सगळं आहे. चित्रात ती माणसं 'शेतकरी वर्ग' म्हणून येत नाहीत, प्रत्येकाचं नाक वेगळं आहे, बसण्याची तऱ्हा वेगळी आहे. घाटवाट दादा, तुम्ही पोस्टर म्हणून सोडून दिलंत म्हणून हे लिहितेय. सुरवातीचं काम पक्षासाठी होतं हे खरंच, लपवायचं कशाला. पण 'जखमा'त कुठली घोषणा आहे सांगा? झेंडा नाही, माणूस नाही, रंग नाही. तिथं पक्षालाही काही वापरता येणार नाही.

मी हे बघते तेव्हा मला आमचं निपाणी आठवतं. १९८१ ला तंबाखूला दर मिळावा म्हणून शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं आंदोलन झालं, पुणे-बेंगळूर हायवेवर शेतकरी बायकापोरांसकट बसले, शेवटी गोळीबार झाला, माणसं मेली. आमच्या घरात ते अजून काल झाल्यासारखं सांगतात. आणि वखारीतल्या बायका. माझी आई वखारीत होती, तंबाखू चाळायला. पदर तोंडाला बांधून दिवसभर धुरळ्यात, घरी आली की आम्हाला जवळ घ्यायच्या आधी अंघोळ, तरी केसातनं ठसका यायचाच. हे कुणी काढलंय? सीमाभागातल्या आर्ट एक्झिबिशनला गेलं की गोकाकचा धबधबा, राजहंसगड, शिवाजी महाराज, म्हातारा-फेटा-सुरकुत्या. वाईट काहीच नाही त्यात, पण वखार एकदाही दिसली नाही मला.

मुलीला एक सांगा मात्र. होर आवडले म्हणून बरगड्या दिसणारी माणसं काढायला लागू नको. आमच्या आया तशा नव्हत्या, धडधाकट होत्या, भांडकुदळ होत्या, मजुरीसाठी मालकाच्या अंगावर जायच्या. गरिबी ही एक स्टाईल म्हणून काढणारे विद्यार्थी बघितले की मला राग येतो. त्यांनी जे बघितलं ते काढलं, तिनं तिचं बघावं. निपाणीला यायचं असेल तर या, दोनचार वखारी मी दाखवते, आईशी बोलणं करून देते, पण वही घेऊन या, नुसते मोबाईलवर फोटो काढून पळायचं असेल तर नको.

घाटवाट

ताई, पटलं असं एकदम म्हणणार नाही, पण वखारीचा वुडकट कुणी केला तर मी विकत घेईन. भिंतीला लावीन का ते बायकोला विचारून सांगतो. आणि त्या चोरलेल्या शिल्पाचं वाचून वाईट वाटलं, ते इतकी वर्षं कुणाच्या शोकेसमध्ये असेल तर त्या घरातल्यांना कळत तरी असेल का काय आहे ते.

चित्रमास्तर

निपाणीच्या ताईंनी माझी राहिलेली बाजू भरून काढली. वुडकटबद्दल एक प्रॅक्टिकल भर घालतो. चळवळीतले लोक लाकूड आणि लिनोकडं (लिनोलियमच्या मऊ पत्र्याकडं) का वळले, तर त्याला मशीनच लागत नाही. फळी, कोरायचे दोन-तीन गोजे, छपाईची काळी शाई, आणि वरनं चमच्याच्या पाठीनं घासलं तरी ठसा निघतो. लपून राहणाऱ्या माणसाला रुळांची प्रेस कुठनं आणणार? शहापूरकरांच्या घरात तर शाई आणि रोलर आधीच आहेत, मुलीला कॉलेज उघडायची वाट बघायला नको. लाकूड सागवानी नको, कापायला चिवट जातं, आधी लिनो आणि मग मऊ सरळ रेषेचं कुठलंही.

आणि कौशिकांबद्दल थोडं अजून. १९७३ ला कला भवनात नंदन मेळा सुरू झाला तोही त्यांच्याच वेळी, नंदलाल बोसांचा वाढदिवस ३ डिसेंबरला, त्याच्या आदल्या दोन दिवशी. विद्यार्थी आणि मास्तर मिळून प्रिंट, कॅलेंडरं, मातीच्या वस्तू करतात, विकतात, आणि आलेला पैसा अडल्यानडल्या विद्यार्थ्यांना. मोठमोठ्या कलावंतांची कामं तिथं साध्या माणसाला परवडतात. शक्य झालं तर मुलीला त्या दोन दिवसांत तिकडं न्या, पोटाचं काय या तुमच्या प्रश्नावर तिथं चार माणसं स्वतःचा हिशोब सांगतील.

शहापूर_प्रेस

सगळ्यांना धन्यवाद. मुलीनं वाचलं, माझ्यापेक्षा जास्त वेळा. बडोदेकरांची लाकूड-धातू-माती ही रांग तिनं घेतली. रेड्डी-होर शेजारी ठेवायचं तिच्या मास्तरांना विचारून ठरवणार म्हणते, वेळ कमी असतो म्हणे. एक्झॉस्टचं मी सोमवारी कॉलेजात जाऊन बघतो.

निपाणीला येत्या रविवारी आलो तर चालेल काय ताई? मी, ती आणि तिची एक मैत्रीण. वही आणतील, मी बजावलोय. रविवारी वखार बंद असते तर दुसरा वार सांगा, माझं लग्नसराईचं काम चालू आहे तेवढं बघून ठरवू.

वखारकन्या

रविवारी नको, बंद असते. शनिवारी सकाळी लवकर या, दहाच्या आत, नंतर ऊन आणि धुरळा दोन्ही सोसत नाही. चहा घरी.

घाटवाट

मास्तर, त्या धारवाडच्या कौशिकांवर वेगळा धागा काढा की. इथं खाली गाडला जाईल.

चित्रमास्तर

काढतो. त्यांचं मराठी-कन्नडशी नातं काय होतं ते धारवाडातल्या एका जुन्या विद्यार्थ्याला विचारायचंय, त्यांच्याकडनं उत्तर आलं की लिहितो.